अप्पांचं पान

दसरा ते दिवाळी हे वीस दिवस मला चांगले जात नाहीत. बाहेर खरं तर सगळं छान असतं. पाऊस ओसरलेला असतो, दुपारचं ऊन पाठ भाजून काढतं, चाकणच्या रस्त्याकडेचं गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं. मोशीच्या चौकात टेम्पोतून झेंडू ओततात आणि त्याचा तो उग्र, हिरवट वास कंपनीच्या बसमध्येही शिरतो. खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशीन धुऊन-पुसून त्यांना हार घालतात. मी इन्स्पेक्शन खात्यात आहे. आमच्याकडे मोठं मशीन एकही नाही, म्हणून आम्ही व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज अशी मापं घ्यायची साधनं एका टेबलावर मांडतो आणि त्यांनाच हळदकुंकू वाहतो. दुसऱ्या दिवशी ते कुंकू पुसत बसावं लागतं, कारण तेवढ्यानंही माप चुकतं. सगळे हसतात, फोटो काढतात. मीही हसते. पण आत कुठंतरी चिडचिड सुरू झालेली असते आणि ती भाऊबीज होईपर्यंत हटत नाही.

कारण सांगितलं तर लोकांना पटत नाही. इंटरनेटवरचं एक पान बंद झालं, त्याचा हा राग आहे. त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली.

तेव्हा अशी एक सोय होती. आपलं नाव आणि पासवर्ड घातला की एक पान उघडायचं आणि त्यावर आपल्याला हवे ते चौकोन आपण मांडायचे. एका चौकोनात बातम्या, एकात हवामान, एकात घड्याळ, एकात टिपणं. इंटरनेट सुरू केलं की पहिल्यांदा समोर यायचं ते हे पान. फुकट होतं. एका मोठ्या परदेशी कंपनीनं काढलेलं होतं. ऑफिसात माझंही होतं, पण मला त्याची फारशी मातब्बरी नव्हती. अप्पांना होती. अप्पा म्हणजे माझे वडील.

अप्पा औशाजवळच्या एका गावातून विशीत पिंपरीला आले आणि सव्वीस वर्षं एका कारखान्यात टर्नर म्हणून उभे राहिले. उभे राहिले असंच म्हणायला हवं, कारण लेथवर लोखंड कातताना बसता येत नाही. मी दहावीत असताना तो कारखाना बंद पडला. मग भोसरीत कुणाच्या तरी छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी काही वर्षं काढली, आणि एके दिवशी गुडघ्यांनी सांगितलं की आता बस. आम्ही तोवर मोशीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. सकाळी मी बस पकडायची, आई देवळात जायची आणि अप्पा गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीचे मजले मोजायचे. मला ते बघवेना. ओळखीतून मी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, नेटचं कनेक्शन घेतलं आणि एका रविवारी अप्पांसाठी ते पान मांडून दिलं.

त्यावर सहा चौकोन होते. वर डावीकडं हवामान, दोन गावांचं. अप्पा रोज सकाळी ते मोठ्यानं वाचायचे. "औशाला अडतीस, हितं बत्तीस. आपण बरे हाव." मराठी बातम्यांचा एक चौकोन, एक घड्याळ, एक पंचांग. एका चौकोनात मासे होते. निळ्या पाण्यात पाचसहा लाल मासे फिरायचे आणि माऊसनं टिचकी मारली की खाद्याचे ठिपके पडायचे, मासे त्यावर झेपावायचे. माझे वडील, ज्यांच्या हाताला लोखंडाचा वास होता, ते रोज चहाच्या आधी त्या खोट्या माशांना खायला घालायचे. आई म्हणायची, "घरात एक मांजर आणू दिलं नाही, आणि आता बघा." अप्पा ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे.

सहावा चौकोन टिपणांचा. सुरुवातीला तो नुसताच पिवळा आणि रिकामा होता. एका संध्याकाळी मी घरी आले तर अप्पा त्याच्याकडं बघत बसलेले.

"बाई, हितं लिहिलेलं ऱ्हातंय का?"

"राहतं की."

"उद्या बी?"

"उद्याही, परवाही. कायमचं राहतं, अप्पा."

मी ते किती सहज म्हणाले होते! चपला काढता काढता.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी लिहायला घेतलं. मराठी टायपिंग त्यांना येत नव्हतं. मी कीबोर्डवर मराठी अक्षरं लिहिलेले कागदाचे चिटुकले तुकडे चिकटवून दिले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते लिहायचे. 'ळ' सापडायला त्यांना तीन दिवस लागले आणि सापडला त्या दिवशी त्यांनी मला कंपनीत फोन केला. ते काय लिहीत होते ते मला महिनाभर कळलंच नाही. मग एकदा त्यांनी स्वतःच दाखवलं.

ती एक यादी होती. त्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मशीन शॉपची. साठ लेथ एका रांगेत लावलेले, तीन पाळ्या, म्हणजे एका मशीनला तीन माणसं. अप्पा पहिल्या नंबरच्या मशीनपासून मनानं चालत निघाले होते आणि प्रत्येक मशीनपाशी थांबून तिथं कोण उभं असायचं ते लिहीत होते. नुसती नावं नव्हती ती. 'मशीन तीन. पहिली पाळी. दगडू, उदगीरचा. चहा बशीतून. रागीट पण हात साफ.' 'मशीन बावीस. शिवाजी मोठा, कराडचा. मशीनला लक्ष्मी म्हणायचा. मशीन तेवीस. शिवाजी लहान. ह्याचं नि मोठ्याचं पटत नसे.' 'मशीन एकतीस. रहमान. रमजानमध्ये त्याचा रोजा असे, मी डबा उघडला की लांब जाऊन उभा राही, मला संकोच नको म्हणून.' असं.

जे आठवायचं नाही ते अप्पा बाहेर जाऊन गोळा करायचे. पिंपरीच्या मंडईत कुणी भेटायचं, कुणाच्या मुलीच्या लग्नात चार जण भेटायचे, कुणाचा फोन नंबर मिळायचा. खिशात चिठ्ठी घेऊन जायचे, घरी आले की चपला न काढता कॉम्प्युटरपाशी बसायचे, टिपणात घालायचे आणि चिठ्ठी फाडून टाकायचे. "आता पानात गेलं," म्हणायचे. जणू कागदापेक्षा ते पक्कं. माणूस कुठं आहे, काय करतो, हेही लिहायचे. रिक्षा चालवतो. गावाकडं गेला. वारला. तीन-साडेतीन वर्षांत त्यांनी दीडशेच्या वर माणसं भरली होती. ज्या जागेवर तो कारखाना होता तिथं आता बारा बारा मजल्यांचे टॉवर आहेत, खाली पोहण्याचा तलाव आहे. लेथ भंगारात गेले. ती रांग कुठं शिल्लक असेल तर ती त्या पिवळ्या चौकोनात होती.

आणि त्या पानाच्या माथ्यावर एक दिवस एक बारीक पट्टी आली. इंग्रजीत. ही सेवा अमुक तारखेनंतर उपलब्ध राहणार नाही, अधिक माहितीसाठी इथं क्लिक करा. तारीख वर्षाहूनही जास्त लांबची होती. मी ती ऑफिसात वाचली आणि मनात म्हटलं, बघू. घरी अप्पांनी विचारलं, "ही पट्टी कशाची?" मी म्हटलं, "काही नाही, जाहिरातीसारखं असतं." त्यांना इंग्रजी जेमतेम, ड्रॉइंगवरचे शब्द तेवढे कळायचे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पुन्हा एक उन्हाळा आणि पावसाळा गेला. पट्टी रोज वर असायची आणि अप्पा रोज तिच्याखाली माणसं भरत राहिले.

शेवटी त्या वर्षी दसऱ्याला सांगावंच लागलं. अप्पांनी कॉम्प्युटरला छोटा हार घातला होता, कीबोर्डला कुंकू लावलं होतं. कुंकवाचं बोट पुसत ते खुर्चीत बसले आणि मी म्हटलं, "अप्पा, हे पान बंद होणार आहे. दिवाळीच्या सुमारास."

त्यांनी कॉम्प्युटरवरचा हार सरळ केला. मग म्हणाले, "तोट्यात गेली का कंपनी?"

"नाही, कंपनी जोरात चाललीय."

"मग बंद कशापायी?"

"लोक आता मोबाइलवर सगळं बघतात. अशा पानाची गरज राहिली नाही, असं म्हणतात ते."

"कोण म्हणतंय? मला इचारलं का कुणी? मी तर रोज बसतो हितं."

मी कीबोर्डवरचं कुंकू पुसायला घेतलं.

"आमचा कारखाना बंद केला तवा," अप्पा म्हणाले, "नोटीस मराठीत लावली व्हती. गेटवर. आम्ही तिथं पंधरा दिवस बसलो, वरडलो, एकदा मॅनेजरची गाडी अडवली. काय उपेग झाला नाई, पण वरडायला गेट तर व्हतं. ह्यांचं गेट कुठं हाय?"

"परदेशात आहे, अप्पा."

"हिंजवडीत असंल की एखादं हाफिस. समद्या कंपन्या तिथंच हायेत."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. ते खरंच जायला तयार होते. पँट-शर्ट इस्त्री करून, दोन बस बदलून. मी त्यांना समजावलं की तिथं गेलं तरी आत सोडणार नाहीत, आणि सोडलं तरी त्यातल्या कुणाच्या हातात काही नाही. मग त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. मी कागद घ्यायचा आणि त्यांनी सांगायचं.

"लिही. माननीय व्यवस्थापक साहेब यांस, स. न. वि. वि. विषय, पान चालू ठेवणेबाबत. महोदय, मी आपल्या पानाचा साडेतीन वर्षांपासून नियमित वापर करणारा कामगार असून, माझी आजपर्यंत कोणतीही तक्रार नाही. सदर पान बंद केल्यास माझ्या खात्यातील माणसांची गैरसोय होईल. तरी आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही विनंती. आपला विश्वासू." आणि मग हळूच, "खाली तिकीट नंबर लिही माझा." कारखान्यातला तिकीट नंबर, म्हणजे हजेरीचा. तो त्यांना अजून पाठ होता.

त्या कंपनीला पत्र लिहायला जागाच नव्हती. एक मदतीचं पान होतं, तिथं जगभरातल्या लोकांनी आपापला संताप ओतलेला. कुणी लिहिलं होतं, माझ्या आंधळ्या होत चाललेल्या आईला एवढंच एक पान जमत होतं. कुणी नुसतं 'का?' लिहिलं होतं. मी अप्पांचा अर्ज तिथं तसाच मराठीत चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुण्या स्वयंसेवकाचं उत्तर होतं की कृपया इंग्रजीत लिहावं, आणि पर्याय म्हणून आमचं मोबाइल ॲप वापरून पाहावं. त्यानंतर चर्चा बंद करण्यात आली. कुलपाचं एक छोटं चित्र आलं तिथं. अप्पांना मी ते दाखवलं नाही. सांगितलं, अजून उत्तर नाही.

आमच्या धंद्यात एखादं गाडीचं मॉडेल बंद झालं तरी तिचे सुटे भाग पुढं कित्येक वर्षं द्यावे लागतात. चाकणला आमच्या गोदामाच्या मागच्या रॅकवर अशा गाड्यांचे भाग पडून आहेत, ज्या रस्त्यावर आता दिसतही नाहीत. कुणीतरी, कुठंतरी, अजून ती गाडी चालवत असेल, म्हणून ते ठेवायचे. कंटाळा येतो, धूळ बसते, दर वर्षी मोजावे लागतात, पण ठेवतात. हे मी इतकी वर्षं नुसती एक डोकेदुखी समजत होते. त्या ऑक्टोबरात मला पहिल्यांदा त्याच्यामागचा भला विचार कळला.

पण माझा राग फक्त त्या कंपनीवर असता तर तो एव्हाना विरलाही असता.

पानावरचा मजकूर उतरवून घ्यायची सोय कंपनीनं दिली होती. मी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातून अप्पांचं खातं उघडलं, ते बटण दाबलं, एक फाइल उतरली, ती पेन ड्राइव्हवर टाकली. तेव्हा गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट चाललं होतं, खाली माणसं खोळंबली होती. फाइल उघडून बघितली नाही. संध्याकाळी घरी सांगितलं, "काढून ठेवलंय सगळं. आता काळजी करू नका." अप्पा म्हणाले, "झालं तर मग." आणि निवांत माशांना खाऊ घालायला गेले.

आमच्या खात्यात न तपासता एक वॉशरसुद्धा पुढं जात नाही. हेच काम मी करते. त्याचाच मला पगार मिळतो.

पान ज्या दिवशी बंद झालं त्या सकाळी घरात फराळाचा वास होता, आई चकल्या तळत होती. अप्पांनी कॉम्प्युटर लावला. नेहमीचा पत्ता दाबला. समोर पांढरं स्वच्छ पान आलं आणि मधोमध शोधायची एक रिकामी चौकट.

"नेट गेलंय का गं?"

"नाही अप्पा. आजच होतं ना ते."

"मासे बी गेले?"

"सगळंच."

त्यांनी दोनदा पुन्हा पत्ता दाबून बघितला. मग म्हणाले, "बरं, तू काढलेलं दाव." मी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. आत कोडसारख्या काही ओळी होत्या. हवामान : औसा, पिंपरी. घड्याळ : मोठे. टिपणांचा चौकोन : रंग पिवळा. संपलं. चौकोनाचं नाव होतं, रंग होता, आतलं एक अक्षरही नव्हतं.

मी खाली-वर सरकवत राहिले. ती फाइल इतकी लहान होती की सरकवायलाही काही नव्हतं. मागाहून मी ती सूचना शेवटपर्यंत वाचली तेव्हा कळलं, की काही चौकोनांमधला मजकूर ज्यानं तो चौकोन बनवला त्याच्याकडं असतो, तो त्याच्याकडून वेगळा मागावा. हे सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत होतं. मी त्या बनवणाऱ्याला लिहिलं. पत्र परत आलं. असा पत्ता नाही म्हणे.

अप्पा माझ्यामागं उभे होते. माझ्या खांद्यावरून वाचत होते. "रंग पिवळा," त्यांनी वाचलं. एवढंच. मग ते आत जाऊन चकल्या डब्यात भरायला लागले. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. मला ते हवं होतं. त्यांनी एकेक चकली मोडू न देता, नीट रचून, डबा भरला.

पुढचे काही महिने मी नुसती धडपडत होते आणि चिडत होते. दुसऱ्या कुठल्या कुठल्या कंपन्यांची तशीच पानं शोधून काढली, चौकोन मांडले. अप्पा बसायचे, बघायचे, उठायचे. मग मी त्यांना टचवाला मोबाइल आणला. त्यांच्या बोटांना घट्टे होते, काचेला बोट कळायचंच नाही. एकदा ते तेच ते चुकत होते, आणि मी दिवसभराच्या कामानं आंबलेली, ओरडले, "अप्पा, किती वेळा सांगायचं! एवढंही कसं लक्षात राहत नाही?"

अप्पांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "मी सव्वीस वर्षांत कितीक लोकांस्नी मशीन शिकवलं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "बोट जाईल असं काम हाय ते. कुणावर वरडलो नाई."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

देहूला बबनकाकांकडं जायचं माझ्या मनात आलं ते उन्हाळ्यात. बबनकाका म्हणजे कारखान्यात अप्पांच्या शेजारच्या मशीनवर असलेले, देहूतल्याच जुन्या शेतकरी घरातले. आता त्यांच्या रानात गाळे उभे राहिलेत आणि ते स्वतः दारात खाट टाकून बसलेले असतात. अप्पांना मी काय मनात आहे ते सांगितलं नाही, नुसतं गाडीवर मागं बसवलं. तिथं गेल्यावर दोघांचा चहा झाला आणि मी पिशवीतून वही काढली.

"काका, मशीन चौदा. पहिल्या पाळीला कोण होतं?"

"चौदा? आरं, त्यो मिरजंचा, केसांत तेल चोपडून यायचा त्यो."

"त्यो चौदावर नव्हता," अप्पा एकदम म्हणाले. "त्यो सोळावर."

"न्हाई रं! सोळावर आमी त्याला मागनं हलवला. तू तवा सुट्टीवर व्हतास, गावाला गेलतास तुझ्या भैनीच्या लग्नाला."

"भैनीचं लगीन उन्हाळ्यात झालं. ह्यो सोळावर पावसाळ्यात आला. कौल गळत व्हतं त्याच्या आधीच्या मशीनवर, म्हणून तर हलवला."

"व्हय की," बबनकाका म्हणाले. "गळत व्हतं खरं."

मी लिहीत सुटले. दोघं भांडत होते, एकमेकांचं खोडत होते. ऊन उतरून गेलं. काकूंनी भाकरी-पिठलं वाढलं, ते हातात वही घेऊन खाल्लं. असं आम्ही सात-आठ रविवार गेलो. कधी देहूत, कधी बबनकाकांनी बोलावलेल्या आणखी एखाद्याच्या घरी.

वही झाली. तिच्या दोन झेरॉक्स काढून मी तिन्ही प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. पण ती पहिली यादी नव्हती ही. सव्वाशे माणसं सापडली, तीही बरीचशी नावापुरती. बारीकसारीक तपशील त्या चौकोनात होते, ते परत आले नाहीत. दगडू रागीट होता हे आठवलं, चहाची बशी त्यांना आठवली नाही, ती मला आठवली. रहमानचं डब्याचं अप्पांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "असं लिहिलं व्हतं मी?" काही मशीनवर तर कुणी उभंच नव्हतं जणू. छत्तीस, सदतीस, अठ्ठेचाळीस. तिथं अप्पांनी कुणाला तरी कुठल्या तरी मंडईत शोधून काढलं होतं, चिठ्ठीवर लिहिलं होतं, पानात घातलं होतं आणि चिठ्ठी फाडून टाकली होती.

तेव्हापासून कुठल्याही ॲपवर 'आम्ही काही बदल करत आहोत' असं आलं, की माझं डोकं फिरतं. माझी मैत्रीण म्हणते, एवढं काय मनाला लावून घेतेस, जग पुढं जातं. जातं. माहीत आहे मला. आपल्याला पुढं नेण्याआधी कुणी आपल्याकडं एकदा वळून बघत नाही, याचा राग येतो. आणि ज्या मुलीनं बघायचं, ती जेवणाच्या सुट्टीत बटण दाबून मोकळी झाली होती, याचा जास्त.

यंदाही ऑक्टोबर आला. अप्पा आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांना कालचं राहत नाही आणि जुनंही हळूहळू सुटत चाललंय. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, एक अनोळखी फोन आला. बाईचा आवाज होता, माझ्याच वयाची असावी.

"ताई, मी तळेगावहून बोलतेय. देहूच्या बबनकाकांनी नंबर दिला. माझे वडील त्या कारखान्यात होते, मशीनवर. श्रावणात गेले ते. काका म्हणाले, तुमच्याकडं सगळ्या कामगारांची यादी आहे. त्यात वडिलांचं नाव आहे का, एवढंच बघायचं होतं."

"कशाला हवंय?" मी विचारलं. माझा आवाज उगाच कोरडा आला.

"काही काम नाही तसं," ती म्हणाली. "ते फार सांगायचे कारखान्याचं. शेवटी शेवटी तेवढंच बोलायचे. म्हटलं, कुणीतरी कुठं लिहून ठेवलं असेल तर वाचावं."

गंगाराम, त्यांचं नाव. मी वही काढली. पहिल्यापासून साठपर्यंत गेले, पुन्हा उलटी आले. नव्हतं. हे नाव त्या पिवळ्या चौकोनात होतं की नव्हतं हेही मला सांगता येईना. मी ते तीन वर्षांत कधी नीट वाचलंच नव्हतं.

"सापडत नाही," मी म्हटलं. "आधी एक मोठी यादी होती. त्यात असेल कदाचित. ती... ती राहिली नाही."

"हो का?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "असू दे ताई. त्रास दिला."

अप्पा समोर खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी हात पुढं केला. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"बाई, मी अप्पा बोलायलोय. तुजे वडील कोणत्या गावचे?"

"वैरागचे, बार्शीकडचे."

"उंच व्हते का?"

"नाही. बुटके, बांधा मजबूत."

"डबा कशात आणायचे?"

ती एकदम हसली, आणि हसताना तिचा आवाज फुटला. "हिरव्या फडक्यात. आई बांधून द्यायची. घरी येताना त्याच फडक्यात मशीनवर निघालेले लोखंडाचे रंगीत कीस आणायचे आम्हाला खेळायला, निळे, सोनेरी. आई रागवायची, पायात घुसतात म्हणून."

अप्पांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांना आठवावं, निदान एक खूण सापडावी, म्हणून मी माझ्याही नकळत पुढं वाकले होते.  खाली सोसायटीत मुलं सायकली फिरवत होती.

"नाई आठवत, बाई," अप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर निळा कीस निघाला म्हंजे माणूस कामात जोराचा. हत्यार तापंपर्यंत दाबून काम करणारा."

"तसेच होते ते," ती पलीकडून म्हणाली. 

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि वहीकडं बोट केलं. "लिही. गंगाराम, वैरागचा. डबा हिरव्या फडक्यात. निळा कीस काढायचा."

"मशीन नंबर काय टाकू?"

"मोकळी ठेव जागा," ते म्हणाले. "नाव घाल आधी."